हिटलरला बदडलं, पण फॉर्म भरायचा राहिला: युद्धकाळातल्या विसरलेल्या सुपरहिरोंची गोष्ट

कॅप्टन अमेरिका सगळ्यांना माहितीये. पण त्याच्या वर्षभर आधीच अमेरिकेचा झेंडा अंगावर चढवून शत्रूच्या हेरांना बदडणारा एक वेगळाच हिरो बाजारात आला होता, त्याचं नाव द शील्ड. आज हे नाव घेतलं की लोक म्हणतात, अच्छा ती मार्व्हलच्या पिक्चरमधली एजन्सी ना? नाही हो, तिचा आणि याचा काही संबंध नाही. हा शील्ड म्हणजे जो हिगिन्स नावाचा केमिस्ट, एमएलजे नावाच्या न्यूयॉर्कच्या छोट्या कंपनीने जानेवारी १९४० च्या ‘पेप कॉमिक्स’ पहिल्या अंकात आणला. हॅरी शॉर्टनने लिहिला, अर्व्ह नोव्हिकने काढला. वडील १९१६ च्या ब्लॅक टॉम स्फोटात गेलेले (हा स्फोट खराच झाला होता, न्यू जर्सीला जर्मन घातपात्यांनी दारूगोळ्याचा साठा उडवला होता), मुलाने वडिलांचा अर्धवट राहिलेला फॉर्म्युला पुरा केला आणि अंगात ताकद आणली. हा हिरो थेट एफबीआयच्या एडगर हूव्हरला रिपोर्ट करायचा, म्हणजे खऱ्याखुऱ्या, त्या वेळी जिवंत आणि खुर्चीवर असलेल्या माणसाला! कॉमिक्सवाल्यांची डेरिंग बघा.

आता गंमत अशी की कॅप्टन अमेरिकाची ती जगप्रसिद्ध गोल ढाल पहिल्या अंकात गोल नव्हतीच, वर सरळ खाली टोकदार अशी होती. एमएलजेने तक्रार केली की ही आमच्या शील्डच्या छातीवरच्या डिझाइनसारखी दिसते, आणि दुसऱ्या अंकापासून ढाल गोल झाली. म्हणजे आज जगभरची पोरं जी थाळी फेकून खेळतात तिचा आकार एका विसरलेल्या हिरोच्या तक्रारीमुळे ठरलाय, आणि तक्रार जिंकलेला तो हिरो मात्र गायब. असे एकदोन नाहीत, युद्धाच्या त्या पाचसहा वर्षांत अमेरिकेत शेकड्यांनी सुपरहिरो निघाले आणि त्यातले आज आपल्याला नावाने माहीत असलेले मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. बाकीचे गेले कुठे आणि गेल्या वीसपंचवीस वर्षांत परत कसे यायला लागले ते सांगतो. त्यात थोडा कायदा येणारे, पण घाबरू नका, मजेशीर कायदा आहे.

आधी हे पीक आलं कुठून ते बघू. जून १९३८ च्या अंकात सुपरमॅन आला, किंमत दहा सेंट. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन पोरांनी त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला देऊन टाकले होते आणि कंपनी मालामाल झाली. ते बघून न्यूयॉर्कमधला जो कोणी स्वस्त मासिकं छापत होता तो म्हणाला मलाही एक असला उडणारा माणूस पाहिजे. मग स्टुडिओ निघाले, त्यांना ‘शॉप’ म्हणायचे, एका खोलीत टेबलं मांडलेली, एक जण लिहितोय, दुसरा पेन्सिलने काढतोय, तिसरा शाई फिरवतोय, चौथा फक्त अक्षरं घालतोय, पानामागे ठरलेले पैसे, आणि जे काही तयार होईल ते कंपनीचं. काढणाऱ्याचं काही नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणारे.

या खोल्यांमध्ये बसलेल्यांत ज्यू घरांतली तरुण पोरं खूप होती, कारण चांगल्या जाहिरात एजन्स्या आणि मोठी मासिकं त्यांना दारात उभं करत नव्हती आणि कॉमिक्स हा तेव्हा इतका हलका धंदा समजला जायचा की तिथे कोणीही चालायचं. कॅप्टन अमेरिका काढणाऱ्या जॅक कर्बीचं खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. युरोपात काय चाललंय ते या घरांमध्ये रोज कळत होतं, आणि अमेरिका मात्र अजून युद्धात नव्हती, अधिकृतपणे तटस्थ. म्हणून जो सायमन आणि कर्बीने काढलेलं ते कव्हर, कॅप्टन अमेरिका हिटलरच्या थोबाडीत ठेवून देतोय ते, इतकं मोठं आहे. अंकावर तारीख मार्च १९४१ ची असली तरी स्टॉलवर तो डिसेंबर १९४० मध्येच आलेला (अंकावर पुढची तारीख टाकायची पद्धतच होती, म्हणजे स्टॉलवाला तो लवकर काढून टाकत नाही). पर्ल हार्बर डिसेंबर १९४१ मध्ये. म्हणजे देश युद्धात उतरायच्या वर्षभर आधी या दोघांनी आपल्यापुरतं युद्ध जाहीर करून टाकलं होतं. अमेरिकेतल्या नाझी समर्थकांनी धमक्या दिल्या, ऑफिसबाहेर संशयास्पद लोक घुटमळायला लागले, पोलीस बंदोबस्त ठेवावा लागला आणि न्यूयॉर्कचे महापौर ला गार्डिया यांनी स्वतः फोन करून सांगितलं की तुम्हाला काही होऊ देणार नाही. कर्बी नंतर स्वतः सैन्यात गेला, १९४४ मध्ये फ्रान्समध्ये लढला आणि थंडीने पाय जवळजवळ गमावून परत आला.

बरं, हे झाले प्रसिद्ध लोक. विसरलेल्यांकडे येऊ.

ब्लॅक टेरर घ्या. मे १९४१, ‘एक्सायटिंग कॉमिक्स’ अंक ९. बॉब बेंटन नावाचा भिडस्त औषधवाला, गिऱ्हाइकाशी बोलताना पण चाचरणारा, दुकानात फॉर्मिक इथर नावाचं काहीतरी करून बसतो आणि अंगात राक्षसी बळ येतं. मग काळे कपडे, छातीवर कवटी आणि दोन हाडं, सोबत दुकानातलाच पोऱ्या टिम, त्यालाही तसेच कपडे. चाच्यांचं चिन्ह घालून चांगल्या बाजूने लढणारा हिरो हे तेव्हा नवीनच होतं आणि खरं सांगायचं तर तो कॉस्च्यूम आजही भारी दिसतो. त्याच कंपनीचा फायटिंग यँक, सप्टेंबर १९४१: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात जॉर्ज वॉशिंग्टनचा निरोप नेताना मेलेला पूर्वज भूत होऊन येतो आणि पणतूच्या पणतूला जादूचा झगा देऊन जातो. भूत पूर्वज, तीनकोनी टोपी, झग्यामुळे गोळी लागत नाही. गोष्टी अगदी साध्या, दहा वर्षांच्या पोराला दुपारी वाचायला. साहित्य म्हणून मोठं काही शोधायला जाऊ नका.

डेअरडेव्हिलची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. आपल्याला माहीत असलेला आंधळा वकील नव्हे, तो मार्व्हलचा, १९६४ चा. त्याच्या चोवीस वर्षं आधी, सप्टेंबर १९४० मध्ये, लेव्ह ग्लीसन नावाच्या प्रकाशकाने ‘सिल्व्हर स्ट्रीक’च्या सहाव्या अंकात जॅक बाइंडरने काढलेला बार्ट हिल नावाचा डेअरडेव्हिल आणला. लहानपणी डोळ्यांदेखत आईवडिलांचा खून झाल्यामुळे वाचा गेलेला, हातात बूमरँग, कमरेला काट्यांचा पट्टा. पुढच्याच गोष्टीत जॅक कोलने कपडे बदलले, अर्धे लाल अर्धे निळे, आणि ते मुकेपण पण कुठे गेलं ते कोणी विचारलं नाही. जुलै १९४१ मध्ये त्याला स्वतःचा अंक मिळाला, त्याचं नावच ‘डेअरडेव्हिल बॅटल्स हिटलर’. पुन्हा बघा, जुलै १९४१, अमेरिका अजून युद्धात नाही. नंतर या हिरोचं जे झालं ते वाचून हसू पण येतं आणि वाईट पण वाटतं: चार्ल्स बिरोने त्याच्या मासिकात लिटल वाइज गाइज म्हणून गल्लीतल्या पोरांची टोळी आणली, पोरं इतकी चालली की हळूहळू गोष्टी त्यांच्याच व्हायला लागल्या आणि १९५० पर्यंत हिरो स्वतःच्याच मासिकातून बाहेर! कव्हरवर नाव त्याचं, आत तो नाही.

शील्डचं पण तेच झालं. पेप कॉमिक्सच्या २२ व्या अंकात, डिसेंबर १९४१ ला, शेवटी कुठेतरी एक लाल केसांचा शाळकरी पोरगा आला, आर्ची नावाचा. पुढचं तुम्हाला माहितीये, कंपनीने १९४६ मध्ये स्वतःचं नावच आर्ची कॉमिक्स केलं. शील्डच्या नावाने चाललेला वाचकांचा क्लबसुद्धा आर्चीच्या नावावर गेला. हेर पकडणाऱ्याला बेटी आणि व्हेरोनिकाने हरवलं म्हणायचं.

बायकांचा भाग मला सगळ्यात जास्त भावतो कारण तिथे विसरण्याचे दोन थर आहेत. हिरोईन विसरली गेलीच, तिला काढणारी बाई पण विसरली गेली. मिस फ्युरी एप्रिल १९४१ मध्ये वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवणीत आली, म्हणजे वंडर वुमनच्या काही महिने आधी, आणि ती काढत होती टार्पे मिल्स नावाची बाई. जून हे पहिलं नाव तिने मुद्दाम गाळलं, म्हणजे वाचकाला कळूच नये बाई काढतेय की माणूस. हिरोईन मार्ला ड्रेक, श्रीमंत, न्यूयॉर्कवाली, काकांकडून आलेलं पँथरचं कातडं घालून निघते. अंगात काही दैवी शक्ती वगैरे नाही. पण कपडे बघा! मिल्स फॅशनमधून आलेली, प्रत्येक पात्राचा ड्रेस, टोपी, टाच, सगळं असं काढलंय की गुंडाच्या बाईचा गाऊन बघायला पण थांबावं. आणि तिची खलनायिका बॅरोनेस एरिका फॉन कांफ, कपाळावर स्वस्तिक डागलेली म्हणून केसांची झुलपं पुढे ओढून फिरणारी नाझी बाई, ती हिरोईनपेक्षा जास्त लक्षात राहते. मार्लाची मांजर पेरी-पर, ती मिल्सच्या घरातल्या खऱ्या मांजरीवरून काढलेली, आणि ती मांजर युद्धात मित्रसैन्याची लाडकी मॅस्कॉट झाली. हा सगळा पसारा १९५० च्या आसपास बंद पडला आणि मिल्स १९८८ मध्ये गेली तेव्हा तिचं नाव फक्त दर्दी लोकांना माहीत होतं.

लिली रेने तर त्याहून पुढची. व्हिएन्नातली ज्यू मुलगी, नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर किंडरट्रान्सपोर्टने म्हणजे मुलांना वाचवण्यासाठी काढलेल्या गाड्यांमधून इंग्लंडला गेली, तिथून न्यूयॉर्क, आईवडील पुन्हा भेटले, पैसे नाहीत, आणि फिक्शन हाउस नावाच्या कंपनीत कॉमिक्स काढायला लागली. तिच्याकडे आलेली सेन्योरिटा रिओ ही दक्षिण अमेरिकेत नाझींमागे लागणारी गुप्तहेर. विचार करा, जिच्या घरादारावर नाझींनी नांगर फिरवला ती मुलगी न्यूयॉर्कच्या खोलीत बसून पानापानात त्यांना हरवतेय आणि त्याचे पैसे मिळतायत. सही एल. रेने अशी करायची म्हणून वाचकांची पत्रं मिस्टर रेने यांना यायची. नंतर तिने लग्न केलं, कॉमिक्स सोडलं, आणि कित्येक दशकं कोणाला पत्ता नव्हता की ही बाई न्यूयॉर्कमध्येच राहतेय. कॉमिक्समधल्या बायकांचा इतिहास लिहिणाऱ्या ट्रिना रॉबिन्सने तिची गोष्ट जगासमोर आणली आणि मग म्हातारपणी तिला कौतुक वाट्याला आलं. २०२२ मध्ये, १०१ व्या वर्षी गेली.

आणि मग ग्रीन टर्टल. हा माझा सगळ्यात आवडता, कारण हा हिरो म्हणजे एक कोडं आहे. १९४४, ‘ब्लेझिंग कॉमिक्स’, काढणारा चू हिंग, अमेरिकन कॉमिक्समधल्या पहिल्या आशियाई वंशाच्या चित्रकारांपैकी एक. हिरो चीनमध्ये जपानी फौजेशी लढतो, सोबत बर्मा बॉय नावाचा मुलगा. आता अंक उघडा आणि हिरोचा चेहरा शोधा. सापडणार नाही. कधी पाठमोरा, कधी झगा उडून तोंडावर आलाय, कधी स्वतःचाच हात मधे, कधी कुठली तरी वस्तू आड. एका पानावर असं झालं तर ठीक, पण पानामागून पान हेच. आणि बर्मा बॉयने विचारलं की तू खरा कोण, की तो सांगायला लागतो आणि नेमकं त्याच क्षणी कोणीतरी हल्ला करतं. कॉमिक्सवाल्यांमध्ये एक ऐकीव गोष्ट चालत आलीये की चू हिंगला हिरो चिनी दाखवायचा होता, प्रकाशक म्हणाला विकला जाणार नाही, गोरा कर, मग चू हिंगने चेहराच दाखवला नाही, म्हणजे त्याला हवा तो चेहरा वाचकाने लावावा. पुरावा नाही, हे सांगून ठेवतो. पण छापणाऱ्यांनी त्याच्या अंगाला असा भडक गुलाबी रंग दिलाय की बघूनच कळतं, कोणाला तरी तो गोराच पाहिजे होता. पाच अंकांत संपला. सत्तर वर्षांनी, २०१४ मध्ये, जीन लुएन यांग आणि सनी ल्यू यांनी त्याला घेऊन अख्खं पुस्तक केलं आणि त्यात तो उघडपणे चिनी वंशाचा आहे.

जाता जाता एक गोष्ट, हे अंक निघत होते त्याच वर्षी मार्चमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान मणिपूरला सांगशाकमध्ये जपान्यांशी लढत होते. त्यांच्यावर कोणी कॉमिक काढलं नाही. आशियातलं युद्ध अमेरिकन कॉमिक्समध्ये जिथे आलं तिथे आपण जवळपास नाहीच.

कॅनडाची तर स्वतंत्रच भानगड. डिसेंबर १९४० मध्ये कॅनडा सरकारने परकीय चलन वाचवायला अनावश्यक वस्तूंची आयात बंद केली आणि त्यात अमेरिकन कॉमिक्स पण अडकली. पोरांना कॉमिक्स पाहिजेत, बाहेरून येत नाहीत, मग टोरोंटो, व्हँकुव्हरला स्वतःची निघायला लागली, आतली पानं काळी-पांढरी म्हणून त्यांना आज ‘कॅनेडियन व्हाइट्स’ म्हणतात. ऑगस्ट १९४१ मध्ये एड्रियन डिंगलने नेल्वाना आणली, उत्तरेच्या प्रकाशाच्या राजाची मुलगी, त्या प्रकाशाच्या पट्ट्यावरून वेगाने प्रवास करणारी. मूळ कल्पना चित्रकार फ्रांझ जॉन्स्टन उत्तरेकडून ऐकून आला होता त्या इन्युइट कथेवरून (पात्राचा मिनी स्कर्ट मात्र इन्युइट अजिबात नाही, आर्क्टिकमध्ये ती बाई थंडीने कशी गेली नाही देव जाणे). जॉनी कॅनक नावाचा हिरो काढणारा लिओ बाक्ले तर विशीही न गाठलेला पोरगा होता. युद्ध संपलं, अमेरिकन रंगीत कॉमिक्स परत आली आणि दीडदोन वर्षांत हा अख्खा उद्योग झोपला. कायद्याच्या कुंपणात उगवलेलं, कुंपण काढल्यावर टिकलं नाही. नेल्वानाचं नाव राहिलं ते १९७१ मध्ये निघालेल्या टोरोंटोच्या ॲनिमेशन स्टुडिओमुळे, कारण त्याच्या संस्थापकांपैकी दोघांनी हे जुनं कॉमिक्स सामान शोधून काढलं होतं. आपल्याकडे कार्टूनच्या शेवटी ध्रुवीय अस्वलाचा लोगो यायचा आठवतंय? तोच स्टुडिओ. १९९५ मध्ये कॅनडाने नेल्वाना आणि जॉनी कॅनकची पोस्टाची तिकिटं काढली आणि २०१३ मध्ये होप निकोलसन आणि रेचल रिची या दोघींनी इंटरनेटवर लोकवर्गणी गोळा करून नेल्वानाची सगळी कॉमिक्स एका पुस्तकात परत छापली.

आता मुख्य प्रश्न, हे सगळे गेले का?

एक तर युद्ध संपलं. ज्या हिरोचं कामच नाझी बदडणं होतं त्याला १९४६ मध्ये काम काय देणार? वाचक क्राइम, रोमान्स, वेस्टर्न, भुताखेतांच्या गोष्टींकडे वळले. कॅप्टन अमेरिकासुद्धा १९५० ला बंद पडला होता, त्याचं शेवटचं मासिक तर भुताच्या गोष्टींचं करून टाकलं होतं. तो १९६४ मध्ये बर्फातून बाहेर काढला म्हणून आज आहे, म्हणजे तोही विसरलेलाच होता, फक्त त्याचा मालक धंद्यात टिकून होता. दुसरं, कागद. १९४३ पासून अमेरिकेत मासिकांना कागदाचा कोटा लागला, आधी जितका वापरत होतात त्याच्या प्रमाणात मिळणार, म्हणजे मोठा मोठाच आणि छोट्याची बोंब. आणि शाळेतल्या पोरांना गल्लोगल्ली रद्दी गोळा करायला लावलं, युद्धासाठी कागद पाहिजे म्हणून. कॉमिक्समध्येच आवाहनं छापून यायची की पोरांनो रद्दी द्या. पोरांनी ऐकलं, आणि काय दिलं? कॉमिक्सच दिली! लाखांनी छापलेले अंक लगद्यात गेले. जे घरात राहिले ते पण असल्या हलक्या कागदावर की त्यातल्या आम्लाने स्वतःच पिवळे होऊन कुरकुरीत तुकडे पडतात. तिसरं, १९५४. मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम म्हणाले कॉमिक्सने पोरं बिघडतात, सिनेटसमोर सुनावणी झाली, काही गावांत कॉमिक्सच्या होळ्या पेटल्या, प्रकाशकांनी घाबरून काय छापायचं नाही याची नियमावली स्वतःवरच लादून घेतली आणि बरेच छोटे प्रकाशक एकदोन वर्षांत बसले. लेव्ह ग्लीसन १९५६ मध्ये बंद.

आणि आता तो कायदा, जो मला या सगळ्यात सर्वात रंजक वाटतो.

भारतात कॉपीराइट सोपा आहे, लेखक गेल्यावर साठ वर्षं, संपलं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, २०११ पासून त्यांचं लेखन कोणीही छापू शकतं, कुठे फॉर्म भरायला नको. अमेरिकेत तेव्हा १९०९ चा कायदा होता आणि तो वेगळाच: छापल्यापासून २८ वर्षं संरक्षण, आणि २८ व्या वर्षी तुम्ही ऑफिसात अर्ज करून, फी भरून रिन्यू केलं तर आणखी २८. ड्रायव्हिंग लायसन्ससारखं, तारीख विसरलात की गेलं. पण लायसन्स दंड भरून परत मिळतं, हे मिळायचं नाही. अर्ज नाही म्हणजे ते काम कायमचं सगळ्यांचं, यालाच पब्लिक डोमेन म्हणतात. ज्यांनी रिन्यू केलं त्यांची मुदत पुढे संसदेने वाढवत वाढवत छापल्यापासून ९५ वर्षांवर नेली. म्हणून १९३८ चा पहिला सुपरमॅन १ जानेवारी २०३४ ला मोकळा होणार आणि कॅप्टन अमेरिका २०३६ ला.

आता १९४१ चा ब्लॅक टेरर घ्या. २८ वं वर्ष येतं १९६८-६९. तोपर्यंत त्याच्या कंपनीने कॉमिक्स सोडून दशक उलटलेलं. अर्ज भरणार कोण? काढणाऱ्याचे तर हक्कच नव्हते, म्हटलं ना लक्षात ठेवा. आणि कोणाला वाटणार की दहा सेंटच्या जुन्या मासिकासाठी फी भरावी? हे फक्त कॉमिक्सचं नाही, अमेरिकन कॉपीराइट ऑफिसनेच केलेल्या जुन्या अभ्यासात दिसलं होतं की नोंदवलेल्या कामांपैकी जेमतेम १५ टक्केच रिन्यू होतात. सुपरमॅनची कंपनी डीसी आणि मार्व्हलची आधीची कंपनी टाइमली, यांनी मात्र शिस्तीत अर्ज भरले. म्हणून त्यांचे हिरो त्यांचे राहिले. बाकीचे बेवारस.

बेवारस झाले म्हणूनच परत आले, हे माझं म्हणणं. मालक असलेला पण मालकाला नकोसा झालेला हिरो कपाटात कुलूपबंद राहतो, कोणी हात लावला तर नोटीस. मालकच नसलेला हिरो कोणीही स्कॅन करा, अपलोड करा, नवीन गोष्ट लिहा. हौशी लोकांनी नेमकं तेच केलं. स्वतःजवळचे ठिसूळ अंक, जुन्या मायक्रोफिल्मच्या प्रती, जे मिळेल ते स्कॅन करून डिजिटल कॉमिक म्युझियम, कॉमिक बुक प्लस असल्या साइटवर फुकट टाकलं. अंक मोकळा आहे की नाही हे तपासायची पण पद्धत आहे. पहिल्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात प्रकाशकाचं नाव आणि तारीख असते, ती घ्यायची, २८ वर्षं मिळवायची, आणि त्या वर्षाच्या आसपासचे कॉपीराइटच्या नोंदींचे सरकारी कॅटलॉग काढून बसायचं. नाव नाही मिळालं की अंक मोकळा. अर्थात फट आहेच: पात्र आधीच्या एखाद्या रिन्यू झालेल्या अंकात आलं असेल तर नंतरचा अंक मोकळा असूनही पात्र मोकळं होत नाही.

आणि कॉपीराइट सुटला तरी ट्रेडमार्क वेगळा. कॉपीराइट गोष्टीवर, चित्रावर. ट्रेडमार्क धंद्यातल्या नावावर, आणि नाव वापरत राहिलात तर तो संपतच नाही. २००८ मध्ये चित्रकार ॲलेक्स रॉस आणि लेखक जिम क्रूगर यांनी डायनामाइट कंपनीसाठी ‘प्रोजेक्ट सुपरपॉवर्स’ काढलं, त्यात ब्लॅक टेरर, फायटिंग यँक, ग्रीन लामा सगळी जुनी मंडळी परत आली, आणि कथेतच लावलं की हे सगळे इतकी वर्षं एका कलशात कोंडलेले होते. डेअरडेव्हिल पण त्यात आहे, लाल-निळा, काट्यांचा पट्टा, सगळं तेच. पण नाव? नाव मार्व्हलचं. म्हणून तिथे तो फक्त ‘डेथ-डिफाइंग डेव्हिल’. स्वतःच्या मासिकातून पोरांनी काढलं, मग नाव आंधळ्या वकिलाने घेतलं, या माणसाचं नशीबच खराब.

उलटं उदाहरण आपल्या घरातलंच आहे. फँटम १९३६ चा, म्हणजे या सगळ्यांहून जुना, आणि युद्धात त्यानेही जपान्यांशी दोन हात केले होते. पण त्याच्यामागे किंग फीचर्स ही जगभर स्ट्रिप विकणारी कंपनी कायम उभी राहिली, १९६४ पासून इंद्रजाल कॉमिक्समधून तो वेताळ म्हणून आपल्याकडे पोचला. चांगला होता म्हणून तर टिकलाच, पण विकणारा होता म्हणूनही टिकला.

आता एक कडू गोष्ट, तिच्याशिवाय हा विषय सांगणं म्हणजे अर्धवट सांगणं. हे अंक उघडाल तर जपानी माणूस तुम्हाला पिवळा, सुळेवाला, माकडासारखा काढलेला दिसेल, जवळजवळ प्रत्येक मासिकात. जर्मनांमध्ये निदान नाझी आणि साधा जर्मन असा फरक काही गोष्टी करतात, जपान्यांच्या बाबतीत तोही नाही. काळी पात्रं विनोदाला, जाड ओठांची. हे फक्त चित्रकारांचं अज्ञान नव्हतं, सरकारशी संधान असलेलं रायटर्स वॉर बोर्ड कॉमिक्सवाल्यांना सुचवत असायचं की शत्रूबद्दल चीड वाढेल असं काढा. आणि त्याच वेळी एक लाखाहून जास्त जपानी वंशाचे लोक, त्यात बहुतेक अमेरिकन नागरिकच, छावण्यांत डांबलेले होते. काही जण नवीन आवृत्ती काढताना ही पानं गुपचूप वगळतात, मला ते पटत नाही. पानं ठेवा, सोबत टीप द्या. हिटलरला ठोसा मारणारं धाडस आणि हा विखार एकाच मासिकात, कधी कधी समोरासमोरच्या पानांवर होता, ते तसंच दिसलं पाहिजे. फक्त पोरांच्या हातात तसंच देऊ नका, आधी स्वतः चाळा.

सुरुवात कुठून करायची म्हणाल तर ग्रीन टर्टलपासून करा, पाचच अंक आहेत, फुकट आहेत, एका संध्याकाळी होतात आणि चेहरा शोधायचा खेळ मस्त आहे. मग मिस फ्युरी, तिचे चांगल्या छपाईतले संग्रह निघालेत, महाग आहेत पण चित्रांसाठी वसूल. ब्लॅक टेररच्या गोष्टी दोनतीन वाचल्या की पुढच्या सारख्याच वाटायला लागतात, त्याची कव्हर्स बघा फक्त, ॲलेक्स शोम्बर्गने काढलेली, एकेका कव्हरवर रणगाडा, विमान, दहाबारा नाझी आणि एखादं गुप्त यंत्र इतकी गर्दी की नजर कुठे ठेवावी कळत नाही. मोबाइलवर वाचू नका, अक्षरं बारीक आणि स्कॅन कुठे कुठे वाकडे आहेत, लॅपटॉप किंवा टॅब घ्या. जाहिराती सोडू नका, वॉर बाँडच्या स्टॅम्पपासून रद्दीच्या आवाहनापर्यंत सगळं तिथे सापडतं. आणि डेअरडेव्हिल शोधताना सोबत लेव्ह ग्लीसन किंवा १९४१ टाका, नाहीतर सर्च भरून नुसता वकीलच येत राहतो.